जॉर्जिया कोणाकडं

"जॉर्जिया मागच्या खेपेले आपल्याकडंच होतं, भाऊ," बाहेरच्या खोलीत काका म्हणाले.

मी स्वयंपाकघरात ताटं पुसत होते. काकांच्या सुरात इतका घरगुतीपणा होता की नवख्या माणसाला वाटावं, जॉर्जिया हे त्यांच्याच तालुक्यातलं एखादं गाव आहे आणि तिथल्या ग्रामपंचायतीत त्यांचं पॅनेल निवडून आलं आहे. आई पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा लाटायला लागली.

जॉर्जिया आमच्या घरात माझ्या लग्नाच्या निमित्तानं आलं होतं. काका म्हणजे बाबांचे मित्र. दोघंही अमरावती जिल्ह्यातले आणि दोघंही बहरैनमधल्या सितरा-मआमीरच्या पट्ट्यातल्या कारखान्यात. बाबा इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, काका वेल्डिंगचे फोरमन. काकांच्या बहिणीचा मुलगा अमेरिकेत अटलांटा शहरात कॉम्प्युटरवर काम करत होता. त्याचं स्थळ त्यांनी माझ्यासाठी आणलं होतं. अटलांटा जॉर्जिया राज्यात आहे आणि शहाण्णवच्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती, एवढ्या दोन गोष्टी बाबांना पुरल्या. मुलाचं शिक्षण, पगार, उंची हे सगळं त्यांनी ऐकून घेतलं आणि मग विचारलं की ते जॉर्जिया मतदान कसं करतं.

काकांना हसू आलं होतं. "भाऊ, तुम्ही पोरगी देऊन रायले का तिकीट?"

बाबा हसले नव्हते.

पूर्वी नव्हते विचारत, पण आता त्यांच्या घरात मुलगी देताना हा प्रश्न विचारतातच. त्यांची मोठी बहीण, माझी आत्या, ज्या गावात दिली तिथं मतदानाच्या दिवशी आपल्या लोकांच्या वस्तीतली माणसं आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून शाळेपाशी गेली की त्यांना दारातच सांगत, तुमचं झालं, घरी जा. वर्षानुवर्षं ती घरी जात. एकदा आत्याच्या नवऱ्यानं विचारलं, आमचं कोणी टाकलं? तेवढंच विचारलं. त्यानंतर त्या हंगामात वस्तीतल्या कुणाला मजुरी मिळाली नाही, दुकानदारानं मीठसुद्धा दिलं नाही, विहिरीवर जाणं बंद झालं. आत्या पोटुशी होती आणि लांबच्या नाल्यावरून पाणी आणत होती. ते मूल राहिलं नाही. आजोबांनी लग्नाआधी त्या गावाची शेतं पाहिली होती, पाणी पाहिलं होतं, मुलाचं घर पाहिलं होतं. मतदानाचं विचारलं नव्हतं. बाबा तेव्हा शाळेत होते. गाव कसं आहे ते त्याच्या मतावरून कळतं, हे त्यांच्या मनात तेव्हापासून बसलं ते बसलंच.

जॉर्जिया हे गाव नाही, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण विचारायची त्यांची रीत तीच होती. त्यांनी हिशेब साधा करून घेतला. तिथले काळे लोक म्हणजे तिथले आपण. ते बहुतेक कुठल्या बाजूला मत टाकतात, ते माहीत होतं. मग गाव त्यांच्या बाजूनं जातं की त्यांच्या विरुद्ध, एवढंच पाहायचं. चार वर्षांपूर्वी त्या बाजूकडून दक्षिणेतल्याच एका राज्याचा गव्हर्नर उभा होता, तेव्हा जॉर्जिया अगदी थोडक्यात त्याच्या बाजूनं गेलं होतं. काकांचं "आपल्याकडं" ते हे. आता तोच माणूस पुन्हा उभा होता. बाबा म्हणाले, निकाल येऊ द्या, मग बोलू.

हे सगळं मी स्वयंपाकघरातून ऐकलं. मला कुणी मुद्दाम बाहेर ठेवलं नव्हतं. मी बाहेर बसले असते तरी चाललं असतं. पण मी चार वर्षांची असताना बहरैनला आले, इंग्रजी शाळेत शिकले, आणि घरातली मराठी मला सगळी कळत असली तरी उत्तर इंग्रजीत यायचं, तेही एका-दोन शब्दांचं. पाहुण्यांपुढे तर तेवढंही नाही. आमच्या घरात माझ्या गप्प बसण्याला सगळे सरावलेले होते. त्याचा अर्थ ज्याला जो हवा तो घ्यायचा.

मुलाचा फोटो आला होता. गाडीला टेकून उभा होता. त्याच्याशी फोनवर एकदा बोलणंही झालं. तो वाईट नव्हता, हे मला सांगायला हवं. हळू बोलायचा, माझं वाक्य अर्धं राहिलं तर थांबायचा. मला गाडी चालवता येते का, असं त्यानं विचारलं. तिथं गाडीशिवाय काही होत नाही म्हणाला. मग त्यानं व्हिसाचं सांगितलं: त्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला नोकरी करता येत नाही, काही वर्षं तरी नाही, पण घराजवळची लायब्ररी चांगली आहे. "सवय होते," असं तो इंग्रजीत म्हणाला. मी येस म्हणाले. आणखी दोन-तीनदा येस म्हणाले. फोन ठेवल्यावर मला इतकं थकायला झालं की मी दुपारचीच झोपले.

शाळेच्या सगळ्या वर्षांत माझ्या पासपोर्टावर एक शिक्का होता. बाबांच्या व्हिसावरची, नोकरीची परवानगी नाही. बहरैनमध्ये राहणाऱ्या आमच्यासारख्या घरांत तो शिक्का इतक्या जणांच्या पासपोर्टावर असतो की त्याकडे कुणी पाहतही नाही. वर्षभरापूर्वी मला राजधानीत, मनामात, टायपिस्टची नोकरी लागली आणि माझा वेगळा व्हिसा झाला. कंपनीच्या नावाचा का होईना, पण मी करत असलेल्या कामावर मिळालेला. संध्याकाळी ऑफिस सुटलं की मी सूकमधून, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारातून, चालत घरी यायचे. कापडवाल्यांच्या गल्लीतून, मग मसाल्यांच्या. कुणाशी बोलायला लागायचं नाही. ती चाल मला हवी होती. हे कारण इतकं लहान वाटायचं की मी ते आईलासुद्धा सांगितलं नाही.

माझ्या ऑफिसातला मॅनेजर जॉर्जियाचा होता. हे मीच कधीतरी घरी बोलून गेले होते आणि आता ते माझ्यावर उलटलं.

"तुह्या साहेबाले इचार," बाबा म्हणाले. "थो तिथलाच ना? त्याच्यापेक्षा जास्त कोणाले माहीत अशीन?"

साहेब साठीकडे झुकलेला, उंच, पाठीत जरासा वाकलेला माणूस होता. त्याचं बोलणं इतकं सावकाश असायचं की सुरुवातीला मला वाटलं, मी परदेशी म्हणून माझ्यासाठी सावकाश बोलतो आहे. तसं नव्हतं. तो फोनवर बायकोशीही तसाच बोलायचा. ऑफिसातला गरम चहा तो एका उंच ग्लासात बर्फावर ओतून घ्यायचा, त्यात साखर घालायचा आणि दुपारपर्यंत पीत राहायचा. आणि मला तो मॅम म्हणायचा. मला, मुलीच्या वयाच्या टायपिस्टला. हे मी घरी सांगितलं तेव्हा बाबांना पटेना.

"तुले म्हणते?"

मी मान हलवली.

"सगळ्यांईले म्हणते का तुलेच?"

"Everyone," मी म्हणाले. "Even the cleaner."

बाबांनी खुर्ची काकांकडे वळवली. मग काकांना म्हणाले की गावात काहीतरी चांगलं असलं पाहिजे. काका म्हणाले, तेच तर मी म्हणून रायलो.

मग रोज संध्याकाळी एक प्रश्न यायचा आणि दुसऱ्या दिवशी मी तो ऑफिसात घेऊन जायचे. स्वतःहून कुणाला काही विचारणं हे माझ्यासाठी किती अवघड होतं ते बाबांना कळत नव्हतं असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटतं, कळत असावं, पण मुलीचं पुढचं आयुष्य त्यांना त्याहून मोठं वाटत असावं. मी टाइप केलेली पत्रं सहीला नेऊन द्यायचे आणि जायच्या ऐवजी तिथंच उभी राहायचे. साहेब वर पाहायचा. "येस, मॅम?"

पहिला प्रश्न मी विचारला तो असा की जॉर्जियात लोक काय करतात. साहेबाला बरं वाटलं. त्यानं भुईमुगाचं सांगितलं. त्याच्या गावाभोवती सगळा भुईमूग. त्यांच्या राज्यातला एक भुईमुगाचा शेतकरी तर देशाचा राष्ट्राध्यक्षही झाला होता. हे घरी पोहोचलं तेव्हा काकांनी मांडीवर थाप मारली. आमच्याकडंही भुईमूगच, म्हणाले, पोरीले परकं नाई वाटणार. आईनं विचारलं, तिथं कोणतं तेल वापरतात. तो प्रश्न मी ऑफिसात नेला नाही.

दुसरा प्रश्न बाबांचा खरा प्रश्न होता. तो विचारायला मला तीन-चार दिवस लागले. बाबा रोज विचारायचे, इचारलं का, आणि मी नॉट येट म्हणायचे. शेवटी एका दुपारी मी इंग्रजीत, जवळजवळ पुटपुटत, विचारलं की त्यांच्या गावात काळे लोक मत टाकतात का.

साहेबाच्या ग्लासातला बर्फ वितळला होता, तरी त्यानं तो ग्लास उगाच हलवला. आता टाकतात, म्हणाला. मग खिडकीकडे पाहत, माझ्याकडे नाही, त्यानं सांगितलं की तो लहान असताना त्याचे एक नातेवाईक कोर्टाच्या इमारतीत मतदारांची नोंदणी करायचे. काळा माणूस नाव घालायला आला की त्याला प्रश्न विचारायचे. उत्तर आलं तर नाव घालायचं. उत्तर येऊच नये असे प्रश्न असायचे. साबणाच्या एका वडीत बुडबुडे किती असतात, असा एक होता. रविवारी जेवणाच्या टेबलावर ते हे सांगायचे आणि सगळे हसायचे. "मीही हसायचो," साहेब म्हणाला. मग त्यानं पत्रांवर सह्या केल्या, एकेक, नीट, आणि ती माझ्या हातात दिली.

घरी मी हे तुटक इंग्रजीत सांगितलं. बाबांना इंग्रजी कळायचं, पण त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं. साबण? हो, साबण. बुडबुडे. ते भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोखाली बसले होते. कामाचे बूटसुद्धा अजून काढले नव्हते. त्यांनी खाली पाहत मान हलवली.

"आपल्याकडं तेवढंबी इचारत नव्हते," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी काका आले नव्हते. आईनं विषय बदलला.

तेव्हा जे चाललं होतं ते सगळं सांगायचं तर हेही सांगायला हवं की ज्या बेटावर आम्ही राहत होतो तिथं त्या वर्षांत कुणीच मत टाकत नव्हतं. आम्ही नाही आणि ज्यांचं ते बेट होतं तेही नाही. त्यांना ते हवं होतं. मआमीरच्या भिंतींवर रात्रीतून काहीतरी लिहिलेलं असायचं आणि सकाळी त्यावर रंगाचे चौकोन मारलेले असायचे. रस्त्यात टायर जळत असले की बाबांच्या कंपनीची बस वळसा घालून यायची. ते उशिरा घरी आले की आई काही विचारायची नाही, फक्त पाणी द्यायची. त्यावर घरात बोलायचं नाही, फोनवर तर मुळीच नाही. आपण पाहुणे. अमेरिकेतल्या एका राज्याबद्दल मात्र कितीही मोठ्यानं बोललं तरी चालत होतं, खिडकी उघडी ठेवून. बाबा आणि काका त्या दिवसांत एवढं बोलायचे, त्याचं तेही एक कारण असावं.

आणि बाबांनी स्वतः अठरा वर्षं मत टाकलं नव्हतं. बाहेर राहणाऱ्यांना तेव्हा ती सोय नव्हती. त्यांची सुट्टी आणि तिकडची निवडणूक कधी एका वेळी आली नाही. त्याच वर्षी ऐन उन्हाळ्यात देशात निवडणूक झाली तेव्हा ते दोन दिवस कुणाशी धड बोलले नव्हते. साहेब बहरैनमध्ये बसून पोस्टानं मत पाठवू शकतो, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी ते एखाद्या यंत्राची माहिती ऐकावी तसं ऐकलं. पाकीट कसं येतं, सही कुठं करायची, पोहोचलं हे कसं कळतं. मग म्हणाले, "त्याले इचार, पाठवलं का?"

कुणाला मत दिलं हे विचारायला सांगितलं नाही, हे त्यांचं मोठेपण. पाठवलं का, एवढंच.

साहेब म्हणाला, नाही. पाकीट आलं होतं, घरी कुठंतरी आहे. या वर्षी मन झालं नाही. तिथल्या लाखो लोकांत माझं एक कुणाच्या लक्षात येणार आहे, मॅम? ते त्यानं कडवटपणे म्हटलं नाही. थकलेला माणूस जिना चढायचं टाळतो तसं म्हटलं. मला तो त्या क्षणी खूप जवळचा वाटला. घरी ते सांगताना मात्र मी अडखळले, कारण बाबांच्या चेहऱ्यावर काय येईल ते मला माहीत होतं.

"असून टाकलं नाई?" ते म्हणाले. जेवताना त्यांनी भाकरी अर्धीच खाल्ली.

निकालाचा दिवस बुधवार होता, आमच्या आठवड्याचा शेवटचा. मी ऑफिसला पोहोचले तेव्हा तिकडे अजून आदल्या दिवसाची रात्र चालू होती. साहेबाच्या केबिनमधला टीव्ही सुरू होता, आवाज बंद. राष्ट्राध्यक्ष कोण ते ठरून गेलं होतं. तोच, दक्षिणेतला, दुसऱ्यांदा. नकाशावर एकेका राज्यात रंग भरलेला होता. जॉर्जिया अजून पांढरं होतं, निकाल यायचा होता. मी सहीची पत्रं घेऊन आत गेले, ती टेबलावर ठेवली आणि उभी राहिले. साहेबानं मला बसायला सांगितलं. त्याच्या केबिनमध्ये मी पहिल्यांदाच बसले.

आम्ही दोघं नकाशावरच्या जॉर्जियाकडे पाहत होतो. मला कळेना, मी काय मागते आहे. जॉर्जिया दुसऱ्या बाजूला गेलं तर बाबा नाही म्हणतील आणि मी सुटेन. माझ्या बाजूनं मला ते दुसऱ्या बाजूला जायला हवं होतं. पण दुसरी बाजू म्हणजे साबणाच्या वडीची बाजू, असं बाबांनी मला शिकवून ठेवलं होतं. आणि ते तितकं सरळ नसणार हे साहेबाकडे पाहूनच कळत होतं. तरीही मला लाज वाटली. मी फोन वाजतोय का ते पाहायला उठले.

मी परत आले तेव्हा रंग भरला होता. चार वर्षांपूर्वी जिथं होतं तिथं जॉर्जिया राहिलं नव्हतं. या वेळीही थोडक्यातच, पण दुसरीकडे.

साहेबानं टीव्ही बंद केला. "वेल, मॅम," तो म्हणाला. त्याला आनंद झाला की वाईट वाटलं, मला सांगता येणार नाही. त्यानं घरात पडलेल्या त्या पाकिटाची आठवण काढली नाही. मीही नाही. मी पत्रं उचलली. त्याच्या सह्या राहिल्या होत्या, म्हणून पुन्हा ठेवली.

त्या संध्याकाळी मी सूकमधून नेहमीपेक्षा लांबच्या वाटेनं आले. हवा बरी झाली होती, लोक दुकानांबाहेर खुर्च्या टाकून बसले होते. घरी पोहोचले तर बाबा आणि काका माझ्या आधी आलेले. काकांनी अंगूर आणले होते. दुसऱ्या दिवशी त्यांना अटलांटाला फोन करून काय ते सांगायचं होतं.

"कोणाकडं?" बाबांनी दारातच विचारलं.

"The other side," मी म्हणाले, आणि आत जाऊन चहा टाकला.

मला तिथून सगळं ऐकू येत होतं. काका म्हणत होते की थोडक्यात गेलं असेल. बांधावरचं गाव आहे, कधी इकडं तर कधी तिकडं, एवढ्यासाठी चांगलं स्थळ घालवायचं का. शिवाय निवडून तर आपलाच माणूस आला. बाबा म्हणाले, तेच तर. देश इकडं अन् गाव तिकडं.

"पोरगं अटलांटात रायते, भाऊ. अटलांटा आपल्याकडंच हाये."

"अन् अटलांटाच्या बाहेर? पेट्रोल भराले तरी बाहेर निघन का नाई हे?"

हे म्हणजे मी. काका हसले. मग आई बोलली. ती सहसा अशा वेळी बोलायची नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली की तुम्ही दोघं राज्याचंच बोलून रायले. पोरगा चांगला हाये असं तुम्हीच म्हणता, मंग झालं की.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

"बाईचा नवराबी चांगलाच होता," ते म्हणाले.

आत्याला ते बाई म्हणत. रस्त्यावरून एक गाडी हॉर्न देत गेली. मग बाबा काकांना म्हणाले, सांगून द्या, नाई जमत. मुलाचा मान राखून सांगा. त्याचा काही दोष नाही.

मी कपात चहा ओतत होते. संपलं होतं. मला हवं होतं तेच झालं होतं आणि त्यासाठी मला तोंडही उघडावं लागलं नव्हतं. मी कुणाला दुखावलं नव्हतं. लायब्ररी, गाडी, दुसऱ्याच्या व्हिसावरची ती काही वर्षं, सगळं टळलं होतं. मला बरं वाटायला हवं होतं. पण मला नुसतं जड वाटत होतं, ताप उतरल्यावर वाटतं तसं. कधीही न पाहिलेल्या भुईमुगाच्या शेतांतल्या लोकांनी उठून मत टाकलं होतं, आणि त्यांच्या मतानं माझं ठरलं होतं. थोडक्यात ठरलं होतं. तीच माणसं थोडी इकडे सरकली असती तर मी आज रात्री आईबरोबर साड्यांबद्दल बोलत बसले असते, आणि तेव्हाही गप्पच.

मी ट्रे घेऊन बाहेर गेले. काकांना कप दिला. त्यांचा चेहरा उतरला होता, मला त्यांचं वाईट वाटलं. भाच्याला फोन त्यांना करायचा होता. पण काका फार वेळ उदास बसणारे नव्हते. त्यांनी चहाचा एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि खुर्चीत पुढे सरकले.

"भाऊ, न्यू जर्सीत एक हाये," ते म्हणाले. "आपल्याच लोकायपैकी. दवाखान्यात हाये, लॅबमंधी. घर चांगलं. मी बोललो नव्हतो, हे जमून रायलं होतं म्हणून."

बाबांनी कप खाली ठेवला.

"न्यू जर्सीनं कोणाले देल्लं?"

काकांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. सकाळी साहेबाच्या टीव्हीवर न्यू जर्सीत रंग भरून झालेला मी पाहिला होता. आपल्याकडं होतं. चार वर्षांपूर्वीही आपल्याकडंच असावं, असं साहेब सहज बोलून गेला होता. बाबांच्या हिशेबात ते अगदी बरोबर बसणार होतं. बांधावरचं नाही, धड आतलं गाव.

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी अजून ट्रे धरून उभी होते, त्यात बाबांसाठी आणलेली बिस्किटं तशीच होती. बाबांच्या चेहऱ्यावर कंटाळा नव्हता, राग नव्हता. फक्त काळजी होती, आणि ती इतकी जुनी होती की माझ्या जन्माच्याही आधीची होती. त्यांना मी कधी दुखवू शकेन असं मला वाटलं नव्हतं.

"शनवारी ऑफिसात गेली का साहेबाले इचारजो," ते हळूच म्हणाले. "मागच्या खेपेचंबी इचार. तिथं आपल्यासारख्यांईचं कसं हाये ते इचार."

आई दारात होती. मी इंग्रजीत ओके म्हणेन, असं तिघांनीही धरलं होतं. मीही धरलं होतं. मी ट्रे टेबलावर ठेवला. बशीतलं एक बिस्किट घसरून टेबलावर पडलं, ते उचलून पुन्हा बशीत ठेवलं. आणि मग जे बोलले ते इंग्रजीत आलं नाही. ज्या भाषेत मला इतकी वर्षं सगळं सांगितलं गेलं होतं, त्याच भाषेत आलं, बाबांच्या बोलीत.

"साहेबाले नाई इचारत आता, बाबा," मी म्हणाले. "मले इचारा."